इस्त्रीतून सुटलेली फाईल

कुंदाताई, तू खोटं बोलली होतीस हे मला काल तुझ्या उठावन्याच्या शोकबैठकीत कळलं. लोक एकेक करून तुझ्या फोटोला फुलं वाहत होते, पंडितजी माइकवर काहीतरी सांगत होते, आणि आपले शेठजी हळूहळू चालत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांना हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून ते सगळंच मोठ्यानं बोलतात. त्यांनी मला जे सांगितलं ते मागच्या रांगेतल्यांनीही ऐकलं असेल, पण त्याचा अर्थ फक्त मला लागला. घरी आलो, जेवलो नाही, बायकोवर उगाच डाफरलो. आज सकाळपासून हे लिहायला बसलोय आणि रागातच बसलोय. गेलेल्या माणसावर रागावू नये, असं बायको म्हणाली. तिला आपली भांडणं माहीत नाहीत, ती नंतर आली.

आपली भांडणं मल्हारगंजातल्या त्या वरच्या खोलीतली. खाली शेठजींचं बारदान्याचं दुकान, रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत, आणि वर लाकडी जिना चढून गेलं की आपले कॉम्प्युटर. तागाचा वास सगळीकडे. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून जिन्याखाली चपला काढायच्या, आणि तीच धूळ डोक्यावर घेऊन वर यायचं. शेठजींना कोणीतरी सांगितलं होतं की आता जमाना सॉफ्टवेअरचा येणार. मंडीतले सगळे आढतिये, शेतकऱ्यांचा माल विकून देणारे, त्यांचेच गिऱ्हाईक, पोती त्यांच्याकडूनच नेणारे. तेव्हा त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा ठरला. मालाचा तौल, त्याचा भाव, शेतकऱ्याला द्यायची हिशेबाची पट्टी, सगळं छापून मिळेल असा. आपण चौघं होतो, त्यातले दोघं येत-जात राहिले. टिकलो तू आणि मी.

तू मिलच्या टाइम ऑफिसातून आलेली. तिथं हजेरीच्या कामासाठी कॉम्प्युटर आणला, तू शिकलीस, आणि शिकून होते न होते तोच मिलला कुलूप लागलं. नवरा आधीच गेलेला, घरी छोटी मंजिरी. माझे बाबा दुसऱ्या मिलच्या सूतखात्यात होते. हजारोंतले एक. गेटवर त्यांना नंबर विचारायचे, नाव नाही. त्यांची मिल बंद झाली त्यालाही काही महिने होऊन गेले होते, तरी ते रोज सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ओट्यावर बसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "चालू होईल, बात चल रही है." घर माझ्या पगारावर चालत होतं. हे तुला ठाऊक होतं, कारण पहिल्याच आठवड्यात तू मला जिन्यावर गाठून सगळं विचारून घेतलं होतंस.

पहिलं वर्षभर मी तुला "कुंदाजी, आप" म्हणत होतो. हिंदीत आदर सोपा पडतो. मग एकदा कशावरून तरी आपलं जुंपलं आणि रागाच्या भरात तोंडातून "ताई, तू गप्प बस" असं निघून गेलं. मी घाबरलो. तू मात्र हसलीस आणि म्हणालीस, "चला, आता काम होईल."

ज्यावरून आपण सगळ्यात जास्त भांडलो ते आता कोणाला सांगायला गेलं तर लोक हसतील. प्रोग्रॅम लिहिताना ओळ कुठे तोडायची, आत किती सरकवायची, मध्ये जागा किती सोडायची, याच्याशी कॉम्प्युटरला काही देणंघेणं नसतं. त्याला सगळं सारखंच. माणसाला नसतं. माझ्या फाईलमध्ये सगळी बरोबरीची चिन्हं एकाखाली एक, सरळ रेघेत. प्रत्येक कामाच्या आधी दोन ओळी मोकळ्या. मी ते फार प्रेमानं करायचो. तू म्हणायचीस, "अवि, हा प्रोग्रॅम आहे का लग्नाची पत्रिका?" तुझं स्वतःचं लिखाण दाटीवाटीचं, कपाटात कपडे कोंबल्यासारखं. बाकीच्या दोघांचं तर देवालाच माहीत.

रोज संध्याकाळी मिलान व्हायचं. प्रत्येकानं आपापली फ्लॉपी तुझ्या मशीनवर आणायची, जुनी फाईल आणि नवी फाईल शेजारी लावायची, काय बदललं ते बघायचं आणि मग एकत्र करायचं. ज्याची फ्लॉपी खराब निघेल त्यानं खाली जाऊन चहा सांगायचा. तौलाची फाईल माझी. एकदा त्यात तुला चूक सापडली. एकाच शेतकऱ्याचा माल दोन वेळा करून तोलला, तर रिकाम्या पोत्याचं वजन दोनदा वजा होत होतं. तू ते एका ओळीत दुरुस्त केलंस. नेमका त्याच दिवशी मी पूर्ण फाईल पुन्हा नीट मांडून काढली होती. संध्याकाळी शेजारी लावल्या तर प्रत्येक ओळ बदललेली दिसायला लागली. तुझी एक ओळ त्या गर्दीत कोणाला दिसणार? मी म्हणालो, "सगळं माझंच आहे, माझीच ठेवा." माझी ठेवली. तुझी दुरुस्ती पुसली गेली.

मग हातोदच्या मंडीतून बोलावणं आलं. तुझ्या मोपेडवर मागे बसून मी गेलो. आढतियानं पट्ट्या आपल्या अंगावर फेकल्या. दोन शेतकरी तिथंच उभे होते, त्यांचं वजन कमी भरलेलं. तो म्हणाला, "बैनजी, आपकी मशीन से तो मेरा मुनीम अच्छा था, कम से कम गाली तो सुनता था." तू म्हणालीस, "गलती हमारी है." हमारी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. आणि तिथंच गल्ल्यापाशी उभी राहून, फाईल न उघडता, तू मला सांगितलंस की कुठल्या अटीच्या आत असायला हवी होती ती ओळ बाहेर पडली आहे. माझी फाईल तुला माझ्याइतकीच पाठ होती. हे लक्षात ठेव, याच्यावर मी परत येणार आहे.

परतताना तू वाटेत गाडी थांबवून उसाचा रस घेतलास आणि म्हणालीस, "अवि, मी एक इस्त्री बनवते."

इस्त्री म्हणजे तुझा तो प्रोग्रॅम. कोणाचीही फाईल त्यात घातली की दुसऱ्या बाजूनं एकसारखी होऊन निघायची. कोणाच्या ओळी लांब नाहीत, कोणाच्या आखूड नाहीत. मिलानाच्या आधी सगळ्यांच्या फाईली त्यातून काढायच्या, मग जे खरंच बदललंय तेवढंच दिसेल. तू ती काही दिवसांत लिहिलीस आणि आम्हाला चालवून दाखवलीस. तुझा चेहरा इतका खुलला होता. मी एकटाच हाताची घडी घालून उभा राहिलो.

"कोणाची पण फाईल दे," तू म्हणालीस.

"माझी नाही देणार."

"का रे? तू काय आसमानातून टपकलाय?"

"ताई, माझी फाईल बघितली की कळतं माझी आहे."

"म्हणूनच तर. प्रोग्रॅम सगळ्यांचा आहे ना?"

"आणि सगळं एकसारखं झालं की उद्या शेठजी म्हणतील, चार माणसं कशाला पाहिजेत? एकाचं दुसरा वाचतो, मग एक निकालो."

"आणि तुझं फक्त तुलाच वाचता आलं तर ते तुला जन्मभर ठेवतील?"

"काढताना विचार तर करतील."

तेव्हा तू ते सांगितलंस. "अरे, टाइम ऑफिसात बसून मी काय काय बघितलंय. प्रत्येक खात्यात एक तरी असा होता, ज्याला वाटायचं की माझ्याशिवाय ही मशीन कोणाला चालवता येत नाही. खरंच येत नव्हती. मिलला कुलूप लागलं तेव्हा ती पण मशीन बाकीच्यांच्या सोबतच थांबली. कोणी विचारायला नाही आलं."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मिलचं मला नको सांगू. माझ्या घरी मिल रोज सकाळी दाढी करून ओट्यावर बसते."

तू उठून खिडकीशी गेलीस, खाली हातगाडीवर पोती चढवत होते ते बघत राहिलीस. दुसऱ्या दिवशी मी आलो तर तू नेहमीसारखा बडीशेपेचा डबा पुढे केलास आणि म्हणालीस, "जा भिया, तुझी फाईल सोडली. इस्त्रीत लिहून टाकलंय, तौलाला हात लावायचा नाही. तू जिंकला." मी सगळ्यांना कचोरी खिलवली. मला खरंच वाटलं की मी जिंकलो. सगळ्या प्रोग्रॅममध्ये तेवढी एक फाईल वेगळी दिसायची, आणि मला ती बघून रोज बरं वाटायचं.

पुढचं सगळं भराभर झालं. पेपरात उदारीकरण वाचत होतो, ते जिना चढून वर आलं. दुकानात डब्यात भरलेले तयार प्रोग्रॅम मिळायला लागले, चकचकीत पुस्तकासकट, आपल्यापेक्षा स्वस्त. मंडीतले आढतिये पोती शेठजींकडून नेत राहिले, पण प्रोग्रॅम डब्यातला घेऊ लागले. बाकीचे दोघं आधी गेले. मग शेठजींनी सांगितलं की आता एकालाच ठेवता येईल, जुने गिऱ्हाईक सांभाळण्यापुरतं. आणि ठेवलं मला.

मला त्याचं कारण सरळ वाटलं. तौलाची फाईल माझी, दुसऱ्या कोणाला ती वाचता येत नाही. मी म्हणत होतो तेच झालं. तू खुर्चीवरची तुझी उशी काखेत घेतलीस, बडीशेपेचा डबा पिशवीत टाकलास आणि म्हणालीस, "फ्लॉप्या दमट नको होऊ देऊ." मी म्हणालो, "ताई, मी शेठजींशी बोलतो." तू म्हणालीस, "नको बोलू. मी घरी क्लास सुरू करणार आहे, पोरी कधीच्या मागे लागल्यात." इतक्या सहज म्हणालीस की मी मानलं. तू जिना उतरून गेलीस आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला इतकं लागलं की मी कोणाला सांगू शकलो नाही. त्या दिवशी घरी गेलो तर बाबांनी विचारलं, "नोकरी आहे ना?" मी म्हणालो, आहे.

बडा गणपतीजवळ तुझा क्लास चांगला चालला. किती मुलींना तू उभं केलंस, काल त्यातल्या बऱ्याच आल्या होत्या, आता त्याच आज्या व्हायला आल्यात. मी तुझ्याकडे येत राहिलो, दिवाळीला, संक्रांतीला, मंजिरीच्या लग्नात तर चार दिवस राबलो. पण मी वेगळा होऊन यायचो. तुझी जागा मला मिळालेली, मग तुझ्याशी वाद कोणत्या तोंडानं घालायचा? तू म्हणशील ते बरोबर. हो ताई. खरंय ताई. मिठाईचा डबा घेऊन यायचो, खुर्चीच्या कडेवर बसायचो, चहा संपला की निघायचो. मला वाटायचं की हेच कृतज्ञ माणसाचं वागणं.

तू किती वेळा डिवचलंस मला. एकदा म्हणालीस, "अवि, हल्लीची पोरं फाईल सेव्ह करतात तर आपोआप इस्त्री होते. सगळ्या दुनियेनं माझं ऐकलं शेवटी. बोल आता." माझ्याकडे उत्तर होतं. जिभेवर होतं. मी म्हणालो, "बरोबर होतं ताई तुझं." तू माझ्याकडे बघितलंस आणि चहा गरम करायला आत गेलीस, आणि बराच वेळ आली नाहीस. मला वाटलं, थकली असशील.

शेवटच्या भेटीत तू अंथरुणावर होतीस. आवाज बारीक झाला होता. मला जवळ बोलावून म्हणालीस, "अवि, खरं सांगते, तुझी ती तौलाची फाईल ना, भिकार होती. नुसती सजवलेली." मी तुझा हात हातात घेतला आणि म्हणालो, "हो ताई." तू डोळे मिटून घेतलेस. मी समजलो की तुला झोप आली.

आता काल शेठजींनी काय सांगितलं ते लिहितो. ते म्हणाले, "अवि, तेरे को पता है? मैंने कुंदाजी को बुलाकर पूछा था. बोला कि आप सीनियर हो, काम भी आपका पक्का है, मैं तो आप ही को रखना चाहता हूँ, अवि का काम आप सँभाल लोगी ना? तो बोलीं, नहीं. बोलीं, उसकी फाइल मुझसे नहीं पढ़ी जाती, उसको निकाला तो तौल बंद पड़ जाएगी. मेरा तो कोई भी पढ़ लेगा, मुझे जाने दो." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "कितना मुश्किल लिखता था रे तू."

तुझ्याकडून वाचली जात नव्हती? हातोदला, गल्ल्यापाशी, फाईल न उघडता ज्या बाईनं मला माझी चूक जागेसकट दाखवली, तिला माझी फाईल वाचता येत नव्हती?

मी तसाच बसून राहिलो. लोक उठले, हात जोडून निघाले. मंजिरी दाराशी उभी होती, मी तिच्यापाशी गेलो. तीच बोलली. "मामा, आई ना, तुमच्याबद्दल हमेशा बोलायची. म्हणायची, अवि पहले इतना लडायचा माझ्याशी, मजा यायची. आता मेहमानासारखा येतो."

मेहमानासारखा. ताई, तेवढं ऐकलं आणि मी चपला शोधत बाहेर पडलो.

पगाराचं, घराचं, बाबांचं, सगळ्याचं ऋण मी मानीन, आयुष्यभर मानीन. त्या नोकरीवर बाबांचं औषधपाणी झालं, माझं लग्न झालं. पण ज्या वर्षांत तुला भांडायला माणूस हवा होता, त्या वर्षांत मी तुला मिठाई आणून दिली. ते कसं परत करू?

म्हणून आता ऐक, कारण आज मी मेहमान नाही. तू चुकलीस. मी तरुण होतो, नोकरी गेली असती तर पुण्याला गेलो असतो, उपाशी राहिलो असतो, दुसरी शोधली असती. तुझ्या पदरात लहान पोर होतं. तू कोण माझ्यासाठी ठरवणारी? मला एकदा विचारायचं होतंस. मी हो म्हणालो असतो कदाचित, बाबांकडे बघून हो म्हणालो असतो, पण मला ठाऊक तर असतं. आणि तू म्हणायचीस ना, प्रोग्रॅम सगळ्यांचा आहे, कोणी अडून बसू नये? मग स्वतःच्याच शब्दावर का नाही राहिलीस? माझ्या फाईलवर इस्त्री फिरवायची होती, सगळ्यांच्या फिरवलीस तशी, आणि शेठजींना निवडू द्यायचं होतं. तुझं तत्त्व मला सवलत देण्यापुरतं मोडलंस, आणि वर मला सांगितलंस की मी जिंकलो. हा काय न्याय झाला?

आणि दुनियेनं तुझं ऐकलं म्हणतेस, तर त्याचं उत्तर हे घे, तेव्हा गिळलं होतं. दुनियेनं तुझं अर्धंच ऐकलं. आता सगळ्यांच्या ओळी एकसारख्या असतात आणि माणसं तरीही काढतातच. म्हणजे तूही चूक आणि मीही चूक. यावर आपल्याला निदान एक अख्खी दुपार भांडता आलं असतं. तू बडीशेप चावत, मी खिडकीशी उभा राहून.

आणि माझी फाईल भिकार नव्हती. नुसती सजवलेली तर मुळीच नव्हती. भिकार तुझी इस्त्री होती, लांब ओळ आली की भलत्याच जागी तोडायची. कुठे तोडायला हवी होती, सांग ना. काहीही सांग, ताई. मी 'नाही ताई' म्हणेन.